बूड नसलेली पेटी

१

दुपारी दोनला आमचा गडी जानराव इंजिनाचं चाक फिरवायचा. नव्या विहिरीचं पाणी पाटाला लागायचं, इंजिनाला पट्ट्यानं जोडलेला जनरेटर फिरू लागायचा, आणि तीनशे पावलांवरच्या आमच्या बैठकीत ॲम्प्लिफायरच्या काचेच्या नळ्या हळूहळू लाल व्हायच्या. तेवढ्या वेळात मी तबकडी पुसून ठेवायची. मळ्याला पाणी चालू तोवर आम्हाला गाणं चालू, असा यंदाच्या, १९५७ सालच्या, उन्हाळ्यातला आमचा नेम होता. इतका चांगला उन्हाळा माझ्या वाट्याला याआधी आला नव्हता. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं वाचून कोणी माझी कीव केलेली मला चालणार नाही.

आमचा मळा रिसोडपासून दोन मैलांवर, वाशीमच्या रस्त्याला. माझे वडील गुलाबराव यांनी लसूण, वांगी आणि मिरची विकून तिथं घर बांधलं, आणि थोरल्या बहिणीच्या लग्नाची पंगत उन्हापावसात सापडू नये म्हणून घराला लागून पंचेचाळीस फूट लांब, बावीस फूट रुंद बैठक काढली. लग्न झालं, बहीण गेली, बैठक उरली. मी नागपूरहून बी.एस्सी. होऊन परत आले तेव्हा तिच्यात मिरच्या वाळत होत्या.

आणि बाबांचे कान जात होते. इंजिन आलं तेव्हापासून सहा वर्षं हा माणूस त्याच्याजवळ खाट टाकून बसत होता, जशी माणसं नव्या बैलजोडीजवळ बसतात. अकोल्याच्या डॉक्टरांनी वर्षाची मुदत सांगितली. घरातल्या मोठ्या माणसांनी त्यावर कानात लसणाचं तेल घातलं. मी नादकाटे काढले.

एकशे अठ्ठावीस कंपनांचा काटा कानाशी धरला. बाबा म्हणाले, "वाजते."

दोनशे छप्पन्नचा धरला. "वाजत असन."

पाचशे बाराचा धरला तेव्हा त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं, उत्तर काय असावं याचा अंदाज घेतला, आणि हसले.

ते हसू मला सोसेना. कारण माझा आवाज नेमका त्याच पट्टीत येतो. गेले कित्येक महिने मी बोलले त्या प्रत्येक गोष्टीवर ते असेच हसत होते. मी ठरवलं, या माणसाला अजून जे ऐकू येतं ते खर्जातलं आहे, तर खर्जातून का होईना, याला ऐकू येईलच.

२

वाशीमहून रेल्वेनं अकोल्याला गेले. एकटी गेले. त्यावर गिरजाआत्या, म्हणजे बाबांची विधवा थोरली बहीण, हिनं दारात उभं राहून साऱ्या मळ्याला ऐकवलं, "लगनाची पोट्टी आगगाडीत बसून भोंगे घ्याले चालली वं माय!"

"भोंगे नाहीत आत्या, लाऊडस्पीकर."

"मंग बोंबलते तं भोंग्यावानीच ना?"

अकोल्यात रेडिओ-ग्रामोफोनच्या दुकानात बाबूलाल नावाचा मालक होता. त्यानं मला आधी खुर्ची दिली, मग सोडा मागवला, आणि मग एक चकचकीत शिसवी पेटी पुढं सरकवली. "बहेनजी, ही पाहा. सोनेरी जाळी. साहेब लोकांच्या घरी हीच जाते."

"आतला कागद किती इंची?"

"कागद कशाला पाहता? पेटी पाहा ना."

मी पेटी फिरवली आणि मागची फळी काढायला लावली. आत आठ इंची स्पीकर होता. "हा पंचेचाळीस फुटी खोलीत खोकल्यासारखा वाजेल," मी म्हटलं.

"मग काय घरात टॉकीज काढता काय?"

"टॉकीजचा असेल तर तोच दाखवा."

त्यानं शिसवी पेटी बाजूला सारली. मग आपण होऊन मागच्या कोठीत गेला. बंद पडलेल्या एका फिरत्या टॉकीजचं सामान त्यानं उचललं होतं. त्यात पंधरा इंची स्पीकर होता, मागं घमेल्याएवढं लोहचुंबक, एकट्यानं उचलवेना असा. मी दोन्ही अंगठ्यांनी त्याचा कागद, म्हणजे आवाज काढणारा कागदी शंकू, हलकेच दाबून पाहिला. कुठं घासत नव्हता. तारांना बॅटरी टेकवली तेव्हा कागद पुढं आला आणि धप्प असा आवाज झाला. तो कानात नाही, पोटात ऐकू आला. बाबूलालच्या टेबलावरचा सोडा थरथरला.

दोन्ही बाजूंना लावायला बारा इंची जोडी घेतली, ती इतरांसाठी. पंधरा इंची बाबांसाठी.

"पण बहेनजी, याला पेटी कपाटाएवढी लागेल," बाबूलाल म्हणाला. त्याला धंदा कळत होता, हे मान्य केलं पाहिजे. खर्जाच्या स्पीकरचं असं असतं की कागदाच्या पुढून जेवढा आवाज निघतो तेवढाच मागूनही निघतो, आणि दोन्ही एकमेकांना भेटले की एकमेकांना खाऊन टाकतात. म्हणून मागचा आवाज कोंडून ठेवावा लागतो. जितकी मोठी कोंडलेली हवा, तितका खोल खर्ज.

"माझ्याकडे पेटी आहे," मी म्हटलं.

३

बैठकीच्या पूर्वेच्या टोकाला, फरशीखाली, आमची जुनी विहीर होती. दुमोटी, म्हणजे एका वेळी दोन मोटा चालत अशी. नव्या विहिरीला सुरुंग लावले तेव्हा हिचं पाणी गेलं. पुढं बैठक बांधताना मोट ओढणाऱ्या बैलांची उतरती धाव सपाट केली, विहिरीच्या तोंडावर दगडी लाद्या टाकल्या, आणि बाबांच्या हट्टानं मधे दीड हाताचा चौकोन मोकळा ठेवून त्यावर फळी बसवली.

मी दोरीला दगड बांधून सोडला. एक्केचाळीस फुटांवर तो कोरड्या दगडावर खट्ट वाजला. रुंदी बारा फूट. हिशेब केला तर साडेचार हजार घनफुटांहून जास्त हवा. एवढी पेटी मुंबईतल्या कुठल्याही शौकिनाकडे नसेल, या कल्पनेनं मला त्या रात्री झोप आली नाही.

उकंडराव मिस्त्रींनी दोन इंच जाडीची सागवानी फळी केली, मधे गोल कापला, कडेला लोकरीचा नमदा लावला. स्पीकर तोंड वर करून बसवायचा, पाठ विहिरीत. आठ बोल्टांनी फळी आवळून झाल्यावर ते टाचांवर बसले आणि बिडी पेटवायची विसरून म्हणाले, "पोरी, पेटीले बूड असते. याले बूड कुठी हाय?"

"एक्केचाळीस फुटावर."

"तू पाह्यलं?"

"मोजलं."

"मोजनं येगळं," असं म्हणून त्यांनी हत्यारं गोळा केली.

आत्या दारातच थांबली होती. ती बैठकीच्या त्या टोकाला पाय देत नसे. "बुजवाची असन तं मातीनं बुजवा, नाई तं उघडी ठेवा," ती म्हणाली. "झाकलेली इहीर म्हंजे डोये मिटून जागं पडलेलं मानूस."

"आत्या, फिजिक्समध्ये असलं काही नसतं."

"तुह्या फिजिकात काय असते ते मले का मालूम? तुह्या बापाले इचार."

बाबा आमच्या दोघींकडे पाहून हसले. त्यांना काहीच ऐकू आलं नव्हतं.

४

पहिल्या दिवशी पखवाजाची तबकडी लावली. बाबा खुर्चीत बसले, नवऱ्या मुलासारखे अवघडून. पहिला घुमारा उठला तेव्हा खिडक्यांचे गज वाजले, छपरावरची कबुतरं उडाली, आणि बाबांनी खुर्चीचा हात घट्ट धरला. मी त्यांच्या तोंडाकडे पाहत होते. त्यांनी तळहात फरशीवर टेकला, मग छातीवर.

"शेवंते," ते म्हणाले, "हे मले आयकू येऊन राह्यलं."

मी दोन वर्षं प्रयोगशाळेत घालवली, पदवी घेतली, पण काही सिद्ध केल्यासारखं मला त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं.

एका गोष्टीनं मात्र चिडचिड झाली. बसायची सर्वात चांगली जागा मी मोजून काढली होती, स्पीकरपासून चोवीस फूट, तिथं खडूनं खूणही केली होती. बाबांनी दुसऱ्याच दिवशी खुर्ची उचलली आणि थेट फळीच्या डाव्या अंगाला, हातभर अंतरावर नेऊन ठेवली. भिंतीकडे पाठ, तोंड पश्चिमेला.

मी खडूनं पाटीवर लिहून दाखवलं : तिथं आवाज फाटतो.

"फाटू दे. मोट हाकतानी मी अथीच उभा राहो," ते म्हणाले.

जुन्या माणसांना नवी वस्तू दिली की ती जुन्याच जागी ठेवतात. मी नाद सोडला. रिसोडचे दोन मास्तर, एक वकील आणि कापसाचा एक दलाल रोज दुपारी येऊन माझ्या खडूच्या खुणेभोवती बसू लागले. माझ्या हातचा चहा पिऊन ते माझ्याच स्पीकरांवर मला व्याख्यानं देत. तरी मी खूष होते. बाबा मान डोलवत असत, आणि घरात पुन्हा काहीतरी चालू झालं होतं.

५

मे महिन्यात एका दुपारी इंजिनातलं डिझेल संपलं. पाहुणे त्या दिवशी आले नव्हते. तबकडी मंदावली, गवयाचा आवाज म्हशीसारखा झाला, मग रेड्यासारखा, मग थांबला. नळ्या विझल्या. जानराव डबा घेऊन रिसोडला गेला.

शांततेत मी तबकडी काढून ठेवली आणि वळले. बाबांची मान डोलतच होती. पायाचा अंगठा उचलत होता, टेकत होता.

सवय, मी मनाशी म्हटलं. डोक्यात उरलेलं गाणं.

मग स्पीकरकडे लक्ष गेलं. बैठकीत कधीकाळी मिरच्या वाळवल्या होत्या, त्यांचं बी अजून कुठून कुठून निघायचं. असं एक पिवळं बी स्पीकरच्या कागदावर पडलं होतं. ते थरथरत होतं. मी ॲम्प्लिफायरकडे पाहिलं. तो थंड होता. तरी मी दोन्ही तारा उपटून काढल्या. बी थरथरतच राहिलं. मग थांबलं. मग पुन्हा सुरू झालं.

मनगटावरच्या घड्याळात पाहिलं. चाळीस सेकंद थरथर, चाळीस सेकंद स्थिर. सात वेळा मोजलं. बी थरथरायला लागलं की बाबांचा अंगठा चालायचा.

विहिरी श्वास घेतात हे मला ठाऊक होतं. हवेचा दाब बदलला की झाकलेल्या विहिरीतून वारा आत-बाहेर होतो, यात काही नवल नाही. वहीत तसं लिहिलं. मात्र तो श्वास सकाळ-संध्याकाळचा असतो. चाळीस सेकंदांचा नसतो. घड्याळ लावून तर नसतोच.

मी कागदावर बोट टेकवलं. त्यानं माझं बोट हळूहळू वर उचललं, आणि धरून ठेवलं.

वहीत हे लिहिलं नाही.

६

त्यानंतर बाबा गाऊ लागले. गेल्या सहा वर्षांत ते गायले नव्हते. पट्टी खालची, पण गळा साफ :

"पानी चाललं पाटानं, कोन्या वाफ्याले पोचलं गा?"

एवढंच. मग मान तिरपी करून ते थांबत. चाळीस सेकंदांनी म्हणत, "हं. बरं," आणि पुन्हा तीच ओळ. एकदा मधेच इतके हसले की डोळे पुसावे लागले.

मी स्वयंपाकघरात गेले. आत्या भाकरी थापत होती.

"आत्या, बाबा अर्धंच गाणं काहून म्हणून राह्यले?"

तिचा हात थांबला. "दुमोटीचं गानं अर्धंच असते. ज्याची मोट वर येते तो इचारते. ज्याची खाली जाते त्याले मळ्याकडं पाहाले फुरसत असते, तो सांगते. अर्धं याचं, अर्धं त्याचं. एकट्यानं पुरं म्हनू नाई."

"मग सांगणारा कोण होता?"

"चंपत."

चंपतकाका, बाबांचे चुलतभाऊ. इंजिन आलं त्याच्या पुढच्याच वर्षी तापानं गेले. माझ्या मनात काय आलं ते आत्यानं ओळखलं असावं. "इहिरीत नाई गेला तो," ती म्हणाली. "समोरच्या खोलीत, माह्या मांडीवर गेला. शेवटचं पानी म्या पाजलं. नाई नाई ते डोक्यात घेऊ नको."

"मग बाबा कोणाचं ऐकून राह्यले?"

"मले काय इचारतं? भोंगा तूच बसवला ना?"

तिनं भाकरी तव्यावर टाकली. मग म्हणाली, "कोनता वाफा चालू हाय?"

काल बाबा मोठ्यानं म्हणाले होते ते मी सांगितलं : लसणाचं झालं, आता मेथीले पानी फोड. आत्यानं बोटावर मोजलं. दूरचा वाफा आधी भिजवायचा, जवळचा मागून, ही मळ्याची रीत. जुना लसूण होता तिथं आता जानरावची झोपडी आहे. मेथी होती तिथं गोठा.

"मंग वांगी. ते आपलं आंगन," आत्या म्हणाली. "आन सगळ्यात शेवटी मिरची."

"मिरची कुठं होती?"

"तुह्या बैठकीच्या पश्चिमेच्या भितीखाली."

मी हसले. मला खरंच हसू आलं होतं, कारण आत्या हे सगळं भाकरी उलटता उलटता सांगत होती. पण त्याच संध्याकाळी मी बाबांच्या कानाशी पुन्हा नादकाटा धरला. एकशे अठ्ठावीसचा. महिन्यापूर्वी जो त्यांना स्वच्छ ऐकू येत होता तो. बाबांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि हसले. मग मी टेबलावर पितळी तांब्या आपटला. ते जेवत राहिले.

बैठकीबाहेर त्यांना आता काहीच ऐकू येत नव्हतं. बैठकीतला पखवाजसुद्धा नाही, तो वाजत असताना ते कंटाळल्यासारखे बसत आणि इंजिन थांबायची वाट पाहत. मी त्यांना ऐकू यावं म्हणून एक दार उघडलं होतं, आणि ते दारातून आत निघून गेले होते. मी बाहेर उभी होते.

७

दुसऱ्या दिवशी जानरावला सांगितलं, आज इंजिन नको. दुपारी तीनला पाना घेऊन बैठकीत गेले. ऊन खिडक्यांतून थेट फरशीवर पडलं होतं, माश्या घोंघावत होत्या, गोठ्यात कोणीतरी घागर घासत होतं. भीती वाटावी असं काहीही नव्हतं. बाबा खुर्चीत होते, आणि त्यांचं चालू होतं.

आठही बोल्ट काढले. फळी उचलणं शक्य नव्हतं. मी पहार घालून ती वीतभर बाजूला सरकवली आणि टॉर्च आत धरला.

विहिरीचे दगड कोरडे होते. सांध्यांत वाळलेलं गवत, कोळ्याची जाळी. तळ दिसत नव्हता. टॉर्चचा उजेड तिथवर जात नसावा.

आणि दोर होता.

मोटेचा, मनगटाएवढा जाड. तळातल्या काळोखातून सरळ वर आलेला, ताणलेला, थेंब गळेल इतका ओला. फरशीच्या खालून तो बाबांच्या खुर्चीच्या बाजूला वळला होता. तिथं त्याला बांधायला काही नव्हतं. चाक आम्ही केव्हाच काढलं होतं. तो वर सरकत होता. त्याच्यावरून थेंब सुटत होते, आणि मी एक्केचाळीस फुटांखाली ते पडल्याचा आवाज ऐकायला कान देऊन होते. आवाज आला नाही.

मग दोर थांबला. उजेड अंगावर पडल्यावर जनावर थांबतं तसा.

"पानी चाललं पाटानं," बाबांनी म्हटलं, "कोन्या वाफ्याले पोचलं गा?"

चाळीस सेकंद गेले. साठ गेले. दोर जागच्या जागी थरथरत होता.

"चंपत?" बाबा म्हणाले. "कोन्या वाफ्याले?" त्यांचा आवाज चढला. "चंपत, मले आयकू नाई येत रे. काईच नाई येत!"

ते खुर्चीतून अर्धवट उठले होते. डोळे माझ्यावरून फिरले, भिंतीवरून फिरले. "बाबा, मी आहे," मी ओरडले. त्यांनी माझे हलणारे ओठ पाहिले, आणि त्या तशा अवस्थेतही, मला बरं वाटावं म्हणून, हसायचा प्रयत्न केला.

तेव्हा मी फरशीवर पालथी पडले, त्या फटीला तोंड लावलं, आणि जितका खाली जाईल तितका आवाज खाली नेऊन म्हटलं, "वांग्याच्या वाफ्याले पोचलं जी!"

विहिरीनं तो आवाज घेतला. माझाच होता, पण माझ्यापेक्षा वयानं मोठा होऊन परत आला. दोर चालू लागला.

"शेवंते!" बाबा खुर्चीत बसले. "तू हायस व्हय? अवं, केवढा मोठा आवाज तुहा! इतके दिवस बोलत काहून नव्हती?"

मी तशीच पालथी पडून हसत होते आणि रडत होते. टॉर्च केव्हा विझवला ते आठवत नाही.

८

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात, पूर्वी वांग्याचा वाफा होता तिथं, जमीन दोन हात खचलेली निघाली. बांध फुटल्यावर फुटते तशी, कडेला ओला गाळ. उन्हाळा, नळ नाही, पाट नाही. जानरावनं घुशीला शिव्या दिल्या. आत्यानं खड्ड्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"काल कोनी सांगतलं?"

"मी."

"पाहून सांगतलं का अंदाजानं?"

मी खड्ड्याच्या कडेचा ओला गाळ बोटावर घेऊन पाहिला.

"वाफा भरला का नाई ते पाहूनच सांगा लागते. नाई तं फुटते," ती म्हणाली. एवढंच. पुन्हा तिनं विषय काढला नाही, आणि तेव्हापासून ती मला टोमणा मारत नाही. मला ते जरा जड जातं.

फळी मी परत आवळली. तारा जोडल्या नाहीत. स्पीकरचं उलटं मर्म मला कळलं : कागदाला ओठ टेकवून बोललं की तोच आवाज मागून विहिरीत जातो, आणि बाबांना स्वच्छ ऐकू येतो. प्रत्येक अक्षर. काकांच्या जागी आता मी वाफा पाहून उत्तर देत होते, आणि दोन पाळ्यांच्या मधल्या वेळात मी त्यांना सगळं सांगितलं. नागपूरचं वसतिगृह सांगितलं, तिथल्या बेचव डाळीवरून आम्ही केलेला संप सांगितला, मला मागणी घालणाऱ्या एका बावळट प्राध्यापकाची गोष्ट सांगितली. ती ऐकून बाबा इतके हसले की खोकला लागला. "आन तू काय म्हनली?" "नाही म्हणाले." "बेस केलं."

आम्ही बापलेक आयुष्यात इतकं कधी बोललो नव्हतो. मास्तर आणि वकील आता येत नाहीत. त्यांना मी सांगून टाकलं की नळी जळाली आहे. बाबूलालचं पत्र आलं, पंधरा इंची कसा वाजतो ते कळवा. उत्तम, असं कळवलं. जुलैत नागपूरहून नोकरीचं पत्र आलं, प्रयोगशाळेत मदतनीस हवी होती. पण दुपारी इथं कोण बसणार? मी नकार कळवला आणि मला वाईट वाटलं नाही. हे मुद्दाम लिहून ठेवते. कोणी मला अडवलं नाही, कोणी डांबलं नाही. मोठ्या माणसांनी अडवलं असतं तर मी दुसऱ्याच दिवशी गेले असते.

काका आता उत्तर देत नाहीत. मला वाटतं, त्यांची सुटका झाली. निदान तसं समजायला मला आवडतं.

९

काल बाबांना थोडी कणकण होती. जेवून ते अंगणात बाजेवर झोपले. बैठकीच्या दारातून मला ते दिसत होते, तोंडावर धोतराचा सोगा, छाती एका लयीत वरखाली. आत्या त्यांच्या पायथ्याशी मेथी निवडत होती.

मी फक्त नमद्याची धूळ झटकायला फळीपाशी गेले होते. बी थरथरायला लागलं.

पानी चाललं पाटानं.

मी आधी अंगणात पाहिलं. बाबा झोपले होते. त्यांच्या तोंडावरचं धोतर श्वासापुरतंच हलत होतं. चंपतकाकांचा आवाज मला आठवतो. तो बारीक होता, मिरचीसारखा. हा त्यांचा नव्हता. हा कुणाचाच नव्हता, पण घाईत नव्हता, रागात नव्हता. खूप वेळ पाणी ओढत असलेल्या माणसाचा असावा तसा थकलेला आणि सरळ.

कोन्या वाफ्याले पोचलं गा?

उठून जाता आलं असतं. दार उघडं होतं, अंगणात ऊन होतं, आत्या हाकेवर होती. वारा आहे, कानाचा खेळ आहे, सहा महिन्यांची सवय आहे, असं मी मला समजावलंही. पण पाळी माझी होती. ती मी चुकवली तर उद्या बाबा त्या खुर्चीत बसतील, मान तिरपी करतील, आणि म्हणतील, आयकू नाई येत. मग हसतील.

ते मला नको होतं. एवढंच कारण.

मी गुडघे टेकून कागदाशी वाकले. चाळीस सेकंद असतात. ते पुष्कळ होतात. म्हणून आधी पश्चिमेच्या, मिरचीच्या वाफ्यावरच्या भिंतीकडे वळून तिच्या बुडाशी ओल आली का ते नीट पाहिलं, आणि जे दिसलं तेच सांगितलं.